वाचकांचे प्रश्न : प्रोसेसरचा वेग नक्की कोण ठरवतो?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा दिसली. डेस्कटॉपचा प्रोसेसर जाहिरातीत लिहिलेल्या वेगाने चालत नाही, किंवा त्या वेगावरून खालीच येत नाही, आणि यात दोष ड्रायव्हरचा असावा असा पत्रलेखकांचा अंदाज आहे. त्यातील निवडक पत्रे येथे घेतली आहेत. आज्ञांची आणि फाइलींची नावे या सदराच्या रिवाजाप्रमाणे उच्चारानुसार देवनागरीत छापली असून संगणकावर ती रोमन लिपीतच टंकावीत.

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपमध्ये रायझन 5 3600 असून मी उबुंटू 24.04 वापरतो. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, 6.8 आहे. संगणकावर काहीही चालू नसले तरी प्रोसेसर 2.2 गिगाहर्ट्झच्या खाली येत नाही. एएमडीचा नवा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे असे वाचले होते, पण माझ्याकडे जुनाच ‘एसीपीआय-सीपीयूफ्रेक’ दिसतो. यामुळे वीजबिल वाढत असेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण ड्रायव्हरचे नाव आधी पाहून मगच पत्र लिहिलेत, त्यामुळे अर्धे काम झाले आहे. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो, की ‘/सिस/डिव्हाइसेस/सिस्टिम/सीपीयू/सीपीयू0/सीपीयूफ्रेक’ या फोल्डरात ‘स्केलिंग_ड्रायव्हर’ नावाची एका ओळीची फाइल असते आणि ‘कॅट’ आज्ञेने ती उघडली की सध्या कारभार कोणाच्या हाती आहे ते कळते. त्याच फोल्डरातील वेगाचे आकडे किलोहर्ट्झमध्ये असतात, म्हणजे 3600000 याचा अर्थ 3.6 गिगाहर्ट्झ.

‘एसीपीआय-सीपीयूफ्रेक’ हा ड्रायव्हर स्वतःच्या मनाने वेग ठरवत नाही. मदरबोर्डच्या बायोसने, म्हणजे संगणक चालू होताच प्रथम जागणाऱ्या बोर्डावरील प्रोग्रॅमने, एसीपीआयच्या (बायोसने प्रणालीला हार्डवेअरची माहिती देण्याच्या पद्धतीच्या) तक्त्यात जेवढ्या पायऱ्या लिहून ठेवल्या असतील तेवढ्याच त्याला ठाऊक असतात, आणि आपल्या प्रोसेसरसाठी त्या तीनच आहेत : 3.6, 2.8 आणि 2.2 गिगाहर्ट्झ. तळाची पायरीच 2.2 असल्याने त्याखाली उतरण्याचा प्रश्न येत नाही. ड्रायव्हर बिघडलेला नाही, त्याच्या हातातला जिनाच तीन पायऱ्यांचा आहे.

‘एएमडी_पीस्टेट’ हा नवा ड्रायव्हर 2022 मध्ये कर्नल 5.17 सोबत आला. तो या तक्त्याऐवजी सीपीपीसी ही यंत्रणा वापरतो, ज्यात प्रोसेसरला ठरावीक पायरी न सांगता कार्यक्षमतेच्या सलग पट्टीवरचा एक बिंदू सांगितला जातो. आता आपल्याकडे तो आपोआप का सुरू झाला नाही ते पाहू. काही प्रोसेसरांत सीपीपीसीची विनंती थेट प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये लिहिता येते, तर काहींत ती सामायिक स्मृतीच्या एका भागातून, अंमळ वळसा घेऊन पोहोचवावी लागते. आपला 3600 दुसऱ्या गटातला आहे, आणि 6.8 कर्नलमध्ये या गटासाठी नवा ड्रायव्हर मुद्दाम बंद ठेवलेला आहे. ‘डीमेसेज’ आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत ‘एएमडी_पीस्टेट’ शोधल्यास ड्रायव्हर बंद ठेवला असून विशिष्ट मोड सांगून बूट करावे, अशा अर्थाची ओळ आपल्याला सापडेल. कर्नलनेच उत्तर लिहून ठेवले आहे, फक्त ते वाचायला कोणी जात नाही.

तेव्हा मोड सांगावा. पण थेट कायमचा बदल करू नये. संगणक सुरू होताना ग्रबच्या (प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीवर ‘ई’ दाबावे, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘एएमडी_पीस्टेट=ॲक्टिव्ह’ असे लिहावे आणि ‘एफ10’ने बूट करावे. हा बदल त्या एका बूटपुरताच राहतो, त्यामुळे काही बिनसले तर नुसते रीस्टार्ट करणे पुरते. ‘स्केलिंग_ड्रायव्हर’मध्ये आता ‘एएमडी-पीस्टेट-ईपीपी’ दिसले आणि एक-दोन दिवस सगळे सुरळीत चालले, तरच तीच अक्षरे ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ या फाइलीत, ‘क्वाएट स्प्लॅश’च्या पुढे, त्याच अवतरणचिन्हांच्या आत लिहून ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी.

याऐवजी ‘_सीपीसी’ नावाची वस्तू बायोसमध्ये नाही अशी तक्रार नोंदींत दिसली, तर दुखणे वेगळे आहे. बायोसमध्ये सीपीपीसी बंद आहे किंवा बायोस जुना आहे. हा पर्याय बहुतेक बोर्डांवर ‘एएमडी सीबीएस’ या मेनूच्या पोटात, दोन-तीन पातळ्या खाली दडलेला असतो. तो ‘ऑटो’ असेल तर ‘एनेबल्ड’ करून पाहावा.

राहिला वीजबिलाचा मुद्दा, आणि येथे मी आपला थोडा हिरमोड करणार आहे. रिकामा बसलेला कोर 2.2 गिगाहर्ट्झवर धावत नसतो, तो झोपलेला असतो. या झोपेच्या अवस्थांना सी-स्टेट म्हणतात आणि त्यांत कोरचे घड्याळ थांबते, खोल अवस्थेत त्याचा वीजपुरवठाही तोडला जातो. आपल्याला दिसणारा आकडा कोर जागा असतानाच्या क्षणांची सरासरी असतो, झोपेचा काळ त्यात धरलेला नसतो. शिवाय दर सेकंदाला वेग विचारणारा प्रोग्रॅम स्वतःच कोरला उठवत राहतो. झोप लागली का, असे हलवून विचारण्यासारखेच ते आहे. नव्या ड्रायव्हरने मधल्या, अर्धवट कामाच्या वेळी वेग अधिक बारकाईने बदलेल, पण रिकाम्या संगणकाच्या बिलात ठळक फरक पडेल ही अपेक्षा ठेवू नये. खात्री हवी असल्यास भिंतीवरील सॉकेट आणि संगणक यांच्यामध्ये लावायचा वॉटमीटर घेऊन आधीचा व नंतरचा आकडा स्वतः लिहून ठेवावा.

प्रश्न : नव्या संगणकात इंटेल कोअर आय5 12400 आहे. गव्हर्नर (वेग कधी किती ठेवायचा याचे धोरण) पाहिला तर ‘पॉवरसेव्ह’ निघाला! डेस्कटॉपला बॅटरी नाही, मग ही काटकसर कशासाठी? ‘ऑनडिमांड’ लावायला गेले तर यादीत ‘परफॉर्मन्स’ आणि ‘पॉवरसेव्ह’ ही दोनच नावे आहेत. ड्रायव्हर अर्धवट बसला आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ड्रायव्हर पूर्ण बसला आहे. घोटाळा नावाचा आहे, आणि तो इतक्या जणांना फसवतो की हे नाव ठेवणाऱ्यांनी तेव्हाच दुसरा शब्द शोधला असता तर बरे झाले असते.

कर्नलच्या सर्वसाधारण गव्हर्नरांपैकी ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे कायम तळाचा वेग. आपल्याकडे मात्र ‘इंटेल_पीस्टेट’ हा ड्रायव्हर आहे. तो 2013 मध्ये कर्नल 3.9 पासून आला आणि त्याच्या सक्रिय मोडमध्ये वेग ठरवण्याची विद्या ड्रायव्हरच्या आणि प्रोसेसरच्याच पोटात असते, बाहेरचे गव्हर्नर त्यात वापरले जात नाहीत. या ड्रायव्हरचा ‘पॉवरसेव्ह’ कामाच्या ओझ्याप्रमाणे वेग वर-खाली करतो. म्हणजे आपल्याला ‘ऑनडिमांड’कडून जे हवे होते तेच काम तो करत आहे. 2015 च्या स्कायलेक पिढीपासून तर हा निर्णय बराचसा प्रोसेसर स्वतः घेतो, कारण कर्नलला विचारून येईपर्यंत जो वेळ जातो त्याहून लवकर तो वेग बदलू शकतो.

शब्दांवर विश्वास ठेवण्यापेक्षा डोळ्यांनी पाहावे. एका टर्मिनलमध्ये ‘वॉच’ आज्ञेबरोबर ‘/प्रोक/सीपीयूइन्फो’मधील मेगाहर्ट्झच्या ओळी ‘ग्रेप’ने काढून ठेवा. दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘यस’ ही आज्ञा द्या आणि तिचे उत्तर ‘/डेव्ह/नल’कडे वळवा, ती एका कोरला शंभर टक्के कामाला जुंपते. पहिल्या खिडकीत एक ओळ ताबडतोब 4 गिगाहर्ट्झच्या वर चढेल, आणि ‘कंट्रोल-सी’ दाबताच पुन्हा खाली घसरेल. ओळ चढली तर ‘पॉवरसेव्ह’ हे नाव विसरून जावे.

थोडा अधिक चपळपणा हवा असेल तर गव्हर्नर न बदलता पहिल्या उत्तरात सांगितलेल्या ‘सीपीयूफ्रेक’ फोल्डरातील ‘एनर्जी_परफॉर्मन्स_प्रेफरन्स’ या फाइलीत ‘बॅलन्स_परफॉर्मन्स’ किंवा ‘परफॉर्मन्स’ लिहून पाहावे. ‘ऑनडिमांड’ हवाच असा आग्रह असेल, तर ‘इंटेल_पीस्टेट=पॅसिव्ह’ लिहून बूट केल्यावर ड्रायव्हरचे नाव ‘इंटेल_सीपीयूफ्रेक’ दिसू लागते आणि जुन्या गव्हर्नरांची यादी परत येते. तसे करण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत कोअर 2 ड्युओ ई7500 चे जुने संगणक आहेत. त्यांवर हलके लिनक्स बसवले असून बाकी सर्व ठीक चालते. बहुतेक संगणक रिकामे असताना 1.6 गिगाहर्ट्झवर येतात, पण दोन संगणक सतत 2.93 वर असतात आणि त्यांचे पंखे घोंघावतात. त्या दोघांवर ‘सीपीयूपॉवर’ म्हणते की कोणताही सीपीयूफ्रेक ड्रायव्हर चालू नाही. ‘मॉडप्रोब’ने तो हाताने चढवू गेल्यास असे उपकरणच नाही असे उत्तर येते. सर्व संगणकांवर एकाच पेनड्राइव्हने एकच प्रणाली बसवली आहे. (एक शिक्षक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : गुरुजी, आपल्या शेवटच्या वाक्यातच निदान आहे. प्रणाली एकच, प्रोसेसर एकच, तरी दोन संगणक वेगळे वागतात, तर फरक प्रणालीच्या खाली, म्हणजे बायोसमध्ये असला पाहिजे. या पिढीच्या प्रोसेसरवर ‘एसीपीआय-सीपीयूफ्रेक’ हाच योग्य ड्रायव्हर असून त्याला पायऱ्यांचा तक्ता बायोसकडून लागतो. बायोसमध्ये स्पीडस्टेप, म्हणजे कामानुसार वेग उतरवण्याची इंटेलची सोय, बंद असेल तर तो तक्ताच पुढे केला जात नाही, आणि ‘असे उपकरण नाही’ या उत्तराचा अर्थ प्रोसेसर सापडला नाही असा नसून तक्ता सापडला नाही असा असतो. प्रोसेसरच्या अंगी ही क्षमता आहे याची खात्री ‘/प्रोक/सीपीयूइन्फो’मधील ‘फ्लॅग्ज’च्या ओळीत ‘ईएसटी’ ही तीन अक्षरे पाहून करता येईल.

त्या दोन संगणकांना सुरू होताना तारीख चुकीची दाखवण्याची सवय आहे का, हे जरूर पाहावे. तसे असेल तर मदरबोर्डवरील नाण्यासारखा सीआर2032 सेल संपलेला आहे. वीज गेली की बायोस आपल्या मूळ सेटिंगवर परततो, आणि काही बोर्डांच्या मूळ सेटिंगमध्ये स्पीडस्टेप बंद असते. सेल बदलल्याशिवाय बायोसमधील बदल टिकणार नाही. सेल बसवून ‘ॲडव्हान्स्ड’ किंवा ‘सीपीयू कॉन्फिगरेशन’ या पानावर ‘ईआयएसटी’ अथवा ‘इंटेल स्पीडस्टेप’ चालू करावे आणि सोबत ‘सी1ई’ असल्यास तेही चालू करावे. एखाद्या हौशी विद्यार्थ्याने बसचा (प्रोसेसरला बोर्डाशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग वाढवून ठेवला असल्यास काही बोर्ड हा पर्याय आपणहून बंद करतात, तेव्हा तेही तपासावे. यानंतर ड्रायव्हर न सांगता चढेल आणि संगणक 266 मेगाहर्ट्झच्या बसला सहाने गुणून येणाऱ्या 1.6 गिगाहर्ट्झवर उतरेल.

कोणी ‘पी4-क्लॉकमॉड’ हा ड्रायव्हर लावून पाहा असे सुचवले, तर ऐकू नये. तो वेग कमी केल्याचे दाखवतो, पण प्रत्यक्षात घड्याळाचे काही ठोके नुसते गाळतो. प्रोसेसरला लागणारी वीज वारंवारतेच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत बदलते. स्पीडस्टेपची खरी बचत वेगाबरोबर व्होल्टेजही उतरवण्यात आहे, आणि ‘क्लॉकमॉड’ व्होल्टेजला हात लावत नाही. संगणक मंद होतो, बचत जवळजवळ होत नाही.

प्रश्न : कोअर आय5 8400 वर मी लग्नाचे व्हिडिओ संपादित करतो. एप्रिलपासून व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की दहा-पंधरा सेकंद वेग चांगला असतो, मग दीड-दोन गिगाहर्ट्झदरम्यान हेलकावे खातो. गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’ केला, ‘इंटेल_पीस्टेट’ बंद करून जुना ड्रायव्हर लावला, दुसरा कर्नल घातला. काही फरक नाही. (एक वाचक, अकोला)

उत्तर : तीन ड्रायव्हर-बदलांनंतरही लक्षण तसूभर बदलले नाही, हाच ड्रायव्हर निर्दोष असल्याचा पुरावा समजावा. गव्हर्नर आणि ड्रायव्हर विनंती करतात. अतितापापासून बचाव करणारी व्यवस्था प्रोसेसरच्या आत असते आणि ती कोणाची विनंती ऐकत नाही. आपल्या प्रोसेसरची तापमर्यादा 100 अंश सेल्सिअस आहे. ती गाठली की तो स्वतःच वेग छाटतो.

हे तपासायला ‘सीपीयू0’च्या फोल्डरातच ‘थर्मल_थ्रॉटल’ नावाचे दुसरे फोल्डर आहे. त्यातील ‘कोर_थ्रॉटल_काउंट’चा आकडा एक्स्पोर्टपूर्वी लिहून ठेवा आणि नंतर पुन्हा पाहा. तो वाढला असेल तर वेग उष्णतेनेच छाटला गेला. सोबत ‘टर्बोस्टॅट’ चालवले तर वेग, तापमान आणि वॉट एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी दिसतात आणि अंदाज बांधण्याची गरज उरत नाही.

अकोल्याच्या एप्रिल-मेमध्ये खोलीचेच तापमान इतके असते, की हिवाळ्यात कसाबसा पुरणारा कूलर तेव्हा हात टेकतो. पण नुसत्या उन्हाळ्याने वेग दीड गिगाहर्ट्झवर येत नाही, म्हणून कॅबिनेट उघडावी लागेल. हे मी अनुभवाने लिहितो. घर बदलताना माझा डेस्कटॉप टेम्पोतून आडवा आला आणि त्यानंतर अगदी हीच लक्षणे दाखवू लागला. मीही दोन दिवस कर्नलच बदलत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी कॅबिनेट उघडून कूलरला बोट लावले तर तो एका कोपऱ्यात डुगडुगत होता. इंटेलच्या मूळ कूलरला प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात, त्यातली एक बोर्डातून वर आली होती. उरलेल्या तीन इतक्या व्यवस्थित होत्या की नुसते पाहून काही कळले नसते.

संगणक बंद करून, वायर काढून, प्रथम चारही खुंट्या हलवून पाहाव्यात. एक जरी सैल असेल तर कूलर पूर्ण काढावा, दोन्ही पृष्ठभागांवरची वाळलेली, उष्णता कूलरकडे वाहून नेणारी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, वाटाण्याच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवावी आणि खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबाव्यात. जुनी पेस्ट तशीच ठेवून कूलर नुसता दाबून बसवू नये, कारण एकदा सुटलेल्या पेस्टमध्ये हवा शिरलेली असते. पंख्यातील धूळ ब्लोअरने काढताना पाती बोटाने धरून ठेवावीत.

तापमान 50-60 अंशच असून वेग नेमका 800 मेगाहर्ट्झवर चिकटलेला दिसला असता, तर मी वेगळे सांगितले असते. तेव्हा आधी ‘स्केलिंग_मॅक्स_फ्रेक’मध्ये कोणी मर्यादा घालून ठेवली आहे का ते पाहावे, आणि ती नसेल तर मदरबोर्डवरील व्होल्टेज पुरवणारा भाग तापून प्रोसेसरला बाहेरून थांबण्याचा इशारा देत आहे, असा संशय घ्यावा. आपले आकडे हेलकावे खात आहेत, त्यामुळे आपल्याबाबत मला तसे वाटत नाही.

प्रश्न : ‘परफॉर्मन्स’ गव्हर्नर लावला की रीस्टार्टनंतर, आणि कधी कधी रीस्टार्ट न करताही, तो परत बदलतो. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ‘/सिस’मधील फाइली डिस्कवर नसतात, त्यामुळे तेथे लिहिलेले रीस्टार्टनंतर राहत नाही. रीस्टार्ट न करता बदल होत असेल तर ‘पॉवर-प्रोफाइल्स-डीमन’, ‘ट्यून्ड’, ‘टीएलपी’ किंवा ‘ऑटो-सीपीयूफ्रेक’ यांपैकी एकाहून अधिक प्रोग्रॅम एकाच वेळी चालू आहेत का ते ‘सिस्टिमसीटीएल’ने पाहावे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. एक ठेवून बाकीचे बंद करावेत आणि गव्हर्नर हाताने न लिहिता त्या एकाच्याच सेटिंगमधून ठरवावा.

प्रश्न : विंडोजमध्ये प्रोसेसर मूळ वेगाच्या वर जातच नाही. टर्बो बंद पडला का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : ‘पॉवर ऑप्शन्स’च्या प्रगत सेटिंगमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ पाहावे. उष्णता कमी करण्यासाठी तेथे 99 टक्के लिहिण्याची युक्ती बरीच प्रचलित आहे आणि तिचा परिणाम टर्बो बंद होण्यात होतो. तेथे 100 लिहावे. ते आधीच 100 असेल, तर बायोसमधील टर्बोचा पर्याय पाहावा.

प्रश्न : व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स चालवतो. त्यात ‘सीपीयूफ्रेक’ हे फोल्डरच नाही. कोणता ड्रायव्हर टाकू? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : कोणताही नाही. पाहुण्या प्रणालीला, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सच्या आत चालणाऱ्या लिनक्सला, खऱ्या प्रोसेसरचा वेग बदलण्याचा अधिकार दिलेला नसतो. तो कारभार संगणकावरील मूळ, म्हणजे यजमान प्रणालीकडेच राहतो. वेगाविषयी जे काही पाहायचे किंवा बदलायचे ते यजमान प्रणालीत करावे.